मुलं पळवणारी टोळी, "पोलिसांचा अलर्ट" आणि आपले तर्क

मीनल_सातारा | सोमवार, रात्री ९.१२

सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप आणि माहेरचा ग्रुप, तिन्हीकडे सध्या एकच मेसेज फिरतोय. "सावधान!! आपल्या भागात मुलं पळवणारी टोळी शिरली आहे, पांढरी ओम्नी, दोन बायका एक पुरुष, पोलिसांनी अलर्ट जारी केला आहे, जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा." खाली एका लहान मुलाचा फोटो. तारीख नाही, गाव नाही, पोलीस ठाण्याचं नाव नाही. कोणी म्हणतं शेजारच्या तालुक्यात झालं, कोणी म्हणतं हायवेच्या धाब्यावर झालं, आज तर शाळेच्या ग्रुपवर एका पालकांनी लिहिलं की मूल सापडलं पण किडन्या काढलेल्या होत्या. कोणी बघितलं विचारलं तर त्यांच्या मेव्हण्याच्या मित्राने. आणि मग त्यावर ऐंशी जणांचे तर्क, ओम्नीचा नंबर एमएच १२ असणार, भंगारवाले असणार, परवा चादरी विकायला आलेल्या बायकाच असणार वगैरे.

दुपारी त्या चादरीवाल्या बायकांना आमच्या गेटवर अडवून ठेवलं. आधार कार्ड मागितलं, फोटो काढले आणि ते फोटो लगेच ग्रुपवर "हेच ते" म्हणून टाकले. त्यातल्या एकीच्या कडेवर तिचं स्वतःचं बाळ होतं. मी आणि आमचे वॉचमन काका मध्ये पडलो, ११२ ला फोन लावला, पोलीस आले, चौकशी झाली, बायका बिचाऱ्या त्यांच्या त्यांच्या निघून गेल्या. फोटो मात्र अजून फिरतायत.

मला २०१८ चं राईनपाडा आठवतंय आणि खरंच भीती वाटतेय. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, आठवडी बाजाराचा दिवस, पाच माणसं फक्त संशयावरून मारली गेली. तिथेही आधी असेच मेसेज फिरत होते.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पोलिसांचा खरा अलर्ट ओळखायचा कसा? आणि खरंच एखादं मूल हरवलं तर आपण बाहेरच्या लोकांनी नेमकं काय करायचं, काय नाही करायचं? ज्यांना आतली माहिती आहे त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, मला हा धागा शाळेच्या ग्रुपवर द्यायचाय.

---

बापू_कोल्हापूर | सोमवार, रात्री ९.४०

मीनलताई तुमची कळकळ समजते पण सगळंच अफवा म्हणून सोडून देऊ नका. आम्ही कोल्हापूरची माणसं, गावित प्रकरण आम्ही डोळ्यासमोर बघितलंय. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली रेणुका आणि सीमा, १९९० ते १९९६ या काळात १३ मुलं पळवल्याचा आरोप होता. कोल्हापूर, पुणे, नाशिक, मुंबई, जिथे गर्दी तिथे. चोरी करताना मूल कडेवर असलं की लोक संशय घेत नाहीत म्हणून पळवायच्या आणि मूल अडचणीचं झालं की मारून टाकायच्या. त्या वेळी व्हॉट्सॅप नव्हतं, आमच्या घरातल्या बायका महालक्ष्मीच्या देवळात पोराचा हात सोडायच्या नाहीत. तेव्हा टोळ्या असतात. लोकांना भीती वाटते ती उगाच नाही. मेसेज फिरला तर निदान लोक सावध तर होतात, यात काय बिघडलं?

---

जाई_ठाणे | सोमवार, रात्री ९.५८

बापूकाका, मान्य, टोळ्या असतात. पण गावित मायलेकी पकडल्या कशा गेल्या ते पण सांगा ना. गर्दीने नाही पकडल्या. अंजनाबाईच्या आधीच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं, त्या बाईची मुलगी नाहीशी झाली आणि तिने पोलिसांत नावानिशी तक्रार केली. तपास तिथून सुरू झाला, रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला आणि एकेक बाहेर आलं. २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशीची शिक्षा दिली, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केली, पुढे दयेच्या अर्जाला इतका उशीर झाला म्हणून २०२२ मध्ये हायकोर्टाने त्याची जन्मठेप केली. आई निकालाच्या आधीच कोठडीत वारली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या बायका दिसायला अगदी चारचौघींसारख्या होत्या. लेकुरवाळ्या. आपला जमाव कोणाला धरतो? भगवे कपडे, मळके कपडे, वेगळी भाषा, झोळी. त्या काळी असा मेसेज फिरला असता तरी या तिघी त्यात कोणालाही दिसल्या नसत्या, उलट स्टँडवरच्या चार भिकाऱ्यांना मार पडला असता.

---

हवालदाराची_लेक | सोमवार, रात्री १०.३१

मी शक्य तेवढं सविस्तर लिहिते, वडिलांची सगळी नोकरी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर गेली आणि "मिसिंग" हा शब्द आमच्या घरात जेवताना पण असायचा.

आधी आकड्यांचं. दर काही महिन्यांनी बातमी येते, अमुक शहरातून इतक्या मुलांचं अपहरण, आणि मग पळवापळवीचे मेसेज जोर धरतात. यामागे एक कारण आहे जे बातमीत कोणी लिहीत नाही. १० मे २०१३ ला सुप्रीम कोर्टाने बचपन बचाओ आंदोलनच्या याचिकेवर सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की ते अपहरण किंवा तस्करी आहे असं धरूनच गुन्हा नोंदवायचा. म्हणजे १८ वर्षांखालचं कोणीही हरवलं तरी अपहरणाचं कलम लागतं, पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं ३६३, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १३७(२). दहावीचा निकाल लागला म्हणून पळून गेलेला मुलगा, घरच्यांना न पटणाऱ्या मुलाबरोबर गेलेली सतरा वर्षांची मुलगी, आईबापाच्या भांडणात बापाने उचलून नेलेलं मूल, जत्रेत चुकलेलं मूल आणि खरोखर पळवलेलं मूल, सगळी एकाच रकान्यात. त्यातली बरीचशी परत येतात पण तो आकडा कोणी फॉरवर्ड करत नाही. हा नियम चांगलाच आहे, त्याच्या आधी लोकांना नुसती नोंद करून परत पाठवायचे, पण त्या आकड्यावरून "एवढी मुलं टोळीने नेली" असा अर्थ काढणं साफ चूक.

दुसरं, चोवीस तास थांबा हा प्रकार कुठल्याही कायद्यात नाही. लगेच जायचं. हद्द कुठली ते बघायचं नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून नंतर योग्य ठाण्याला पाठवतात. आणि चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करी विरोधी कक्षाकडे द्यायचा असा नियम आहे, हे पालकांना कोणी सांगत नाही, तुम्ही स्वतः विचारायचं.

आता मीनलताईंचा प्रश्न, खरा अलर्ट ओळखायचा कसा. पोलिसांचं शोधपत्रक असतं त्यात पोलीस ठाण्याचं नाव असतं, गुन्हा रजिस्टर नंबर असतो, तारीख असते, मुलाचं वय उंची रंग अंगावरचे कपडे, शेवटचं कुठे दिसलं, आणि ठाण्याचा नाहीतर तपासी अंमलदाराचा फोन. संशयिताबद्दल लिहिलंच तर जेवढं नक्की आहे तेवढंच. "जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा" असं कुठलंही पोलीस ठाणं लिहीत नाही. आणि खात्री करायला दोन मिनिटं लागतात, त्या ठाण्याला फोन लावायचा. वडिलांना असे फोन यायचे तेव्हा ते म्हणायचे हा माणूस पाठवण्याआधी विचारतोय म्हणजे उद्या त्याला मूल खरंच दिसलं तर तो फोन करणार.

---

निखिल_ऑस्टिन | मंगळवार, सकाळी ७.०५

टेक्सासमधून लिहितोय, अँबर अलर्टची सुरुवात इथलीच म्हणून थोडी भर घालतो. १९९६ मध्ये अर्लिंग्टनला अँबर हॅगरमन नावाच्या ९ वर्षांच्या मुलीला सायकल खेळताना एका माणसाने पिकअप ट्रकमध्ये घालून नेलं. एका माणसाने ते बघितलं आणि लगेच पोलिसांना कळवलं, काळा पिकअप हे पण माहीत होतं, पण ती माहिती रस्त्यावरच्या हजारो गाड्यांपर्यंत पोचवायची काही सोय नव्हती. चार दिवसांनी तिचा मृतदेह मिळाला, गुन्हेगार आजतागायत सापडलेला नाही. त्यातून ही पद्धत निघाली. आता आम्हाला फोनवर कर्कश आवाज होऊन मेसेज येतो, गाडीचा रंग, मॉडेल, नंबर प्लेट, हायवेच्या बोर्डवर पण तेच.

पण इथेही हा अलर्ट सरसकट देत नाहीत हे भारतातल्या लोकांना माहीत नसतं. पोलिसांची खात्री पाहिजे की अपहरण झालंय, मुलाच्या जिवाला धोका पाहिजे, आणि लोकांनी ओळखावं इतपत वर्णन हातात पाहिजे. यातलं काही नसेल तर अलर्ट नाही, मूल हरवलेलं असलं तरी नाही, बाकीचा तपास आपला चालू राहतो. कारण रोज पाच अलर्ट वाजायला लागले तर लोक फोनवरचा अलर्टच बंद करून टाकतील. मला वाटतं आपल्याकडच्या ग्रुपवर तेच झालंय, महिन्याला दहा खोटे मेसेज बघून लोकांची नजरच मेलीय, उद्या खरा फोटो आला तरी अंगठ्याने वर सरकवणार.

---

जाई_ठाणे | मंगळवार, सकाळी ८.२०

निखिल, आपल्याकडे २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम वाजले होते आठवतंय का, आपत्ती इशाऱ्याची चाचणी म्हणून, मराठीत पण आला होता मेसेज. म्हणजे यंत्रणा आहे. ठराविक टॉवरच्या हद्दीतल्या सगळ्या फोनवर एका झटक्यात मेसेज जाऊ शकतो. पुराला, विजेच्या इशाऱ्याला वापरतात मग पळवलेल्या मुलासाठी का नाही? पहिले दोन-तीन तास सगळ्यात मोलाचे असतात म्हणतात, तेवढ्यात माणूस ठाण्याहून इगतपुरी ओलांडतो. सरकारी बाजूने अधिकृत, वेगवान, विश्वासाचं असं काही नाही म्हणून ती जागा व्हॉट्सॅपने घेतलीय असं माझं ठाम मत आहे.

---

हवालदाराची_लेक | मंगळवार, सकाळी ९.०२

जाई +१. आपल्याकडे आहे ते असं, वायरलेसने आसपासच्या ठाण्यांना आणि कंट्रोलला मेसेज, लोहमार्ग पोलीस आणि आरपीएफला (रेल्वे सुरक्षा दल) कळवणं, ट्रॅक चाइल्डसारख्या सरकारी पोर्टलवर फोटो भरणं, २०१५ पासून लोकांसाठी खोया पाया होतं, आणि ऑपरेशन मुस्कान, ज्यात ठरावीक काळ खास पथकं बालगृहं, स्टेशनं, धाबे तपासून मुलं शोधतात. त्यात मुलं खरंच सापडतात. पण हे सगळं पोलिसांच्या आतलं, रस्त्यावरच्या माणसाच्या खिशात त्या क्षणी काही वाजत नाही.

---

मंगळवेढेकर | मंगळवार, सकाळी ११.१५

राईनपाड्याचा उल्लेख आला म्हणून लिहितोय. ती पाच माणसं आमच्या मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी. पिढ्यानपिढ्या भिक्षा मागत फिरणारा समाज. आमच्या लहानपणी ही माणसं दारात आली की आजी सुपातून पीठ वाढायची, भैरवनाथाचं गाणं म्हणून घ्यायची, पोरांच्या डोक्यावर हात ठेवायला सांगायची. तीच माणसं आज पोराकडे बघितलं तरी संशयित.

त्या दिवशी एसटीतून उतरले, बाजारात गेले, एका लहान मुलीशी बोलताना कोणीतरी बघितलं म्हणे आणि झालं. त्यांनी आधार कार्डं दाखवली होती असं बातम्यांत आलं होतं. कार्ड कोण वाचतंय. मारत मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि दार लावून मारलं. मारणाऱ्यांनीच व्हिडिओ काढले. उज्ज्वल निकम सरकारी वकील होते, २०२४ मध्ये धुळ्याच्या कोर्टाने सात जणांना जन्मठेप दिली. पण त्या घरातली कमावती माणसं गेली ती गेलीच ना.

आणि हे एकदाच झालं असं पण नाही. त्याच रात्री मालेगावात एका कुटुंबाला लहान मुलासकट जमावाने घेरलं होतं, पोलीस वेळेत पोचले म्हणून वाचले. एप्रिल २०२० मध्ये पालघरला गडचिंचले, दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, तिथेही चोर आणि मुलं पळवणारे आल्याची अफवा आधी फिरलेली. सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्या शेजारच्या जत तालुक्यात लवंगा गावी पंढरपूरला निघालेल्या चार साधूंना काठ्या-पट्ट्यांनी मारलं. त्यांनी केलं काय होतं तर एका पोराला रस्ता विचारला होता.

बापूकाका, मेसेज फिरला तर काय बिघडलं असं तुम्ही विचारलंत म्हणून एवढं लिहिलं. राग मानू नका.

---

बापू_कोल्हापूर | मंगळवार, दुपारी १२.४०

राग कसला बाळा. वाचून मन विषण्ण झालं. मारहाणीला माझा पाठिंबा कधीच नव्हता आणि नाही. पण माझा प्रश्न तसाच राहतो, आईबापाने सावध कसं राहायचं? आणि किडनीचं काय, ते पण खोटंच म्हणायचं का? व्हिडिओ तर मी डोळ्यांनी बघितलाय, मोटारसायकलवरचे दोघं खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात तो.

---

डॉ_अनघा | मंगळवार, दुपारी १.५५

काका, तो व्हिडिओ भारतातला नाही, पाकिस्तानातला आहे, कराचीचा. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या रोशनी हेल्पलाइन नावाच्या संस्थेने २०१६ मध्ये जनजागृतीसाठी बनवलेला. मूळ व्हिडिओत तेच मोटारसायकलवाले वळून परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि कॅमेऱ्यासमोर फलक धरतात की मूल पळवायला एक क्षण पुरतो. आपल्याकडे शेवटचा तो भाग कापून पसरवला. मृत मुलांचे रांगेत ठेवलेले फोटो पण फिरत होते "किडनी काढलेली मुलं" म्हणून, ते सीरियातल्या २०१३ च्या विषारी वायूच्या हल्ल्यातले. या दोन गोष्टींवर २०१८ मध्ये आपल्या देशात माणसं मेली. त्यानंतर व्हॉट्सॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली.

किडनीबद्दल डॉक्टर म्हणून सांगते. किडनी काढून डब्यात घालून विकली असं होत नाही. रक्तगट जुळावा लागतो, ऊती जुळतात का ते बघावं लागतं, क्रॉसमॅच करावी लागते, घेणारा पेशंट शेजारच्या ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा काही तासांच्या अंतरावर तयार लागतो. हृदय तर जेमतेम चार तास टिकतं. त्याला सर्जन, भूलतज्ज्ञ, परफ्युजनची द्रावणं, नर्सेस, आयसीयू सगळं लागतं आणि हे फक्त १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली नोंदणी झालेल्या हॉस्पिटलमध्येच करता येतं. किडनीची रॅकेट्स झाली आहेत, आपल्याकडेही पकडली गेली आहेत, पण त्यात खोटी कागदपत्रं करून गरीब मोठ्या माणसांना पैशाचं आमिष दाखवून किडनी द्यायला लावलेली असते. ओम्नीत घालून नेलेल्या पाच वर्षांच्या पोराची किडनी रस्त्याकडेला काढतात हे वैद्यकीयदृष्ट्या शक्यच नाही.

सावध राहायचं तर हॉस्पिटलच्या प्रसूती वॉर्डात राहा, रेल्वे प्लॅटफॉर्मवर झोपताना राहा. तान्ही बाळं चोरीला जातात ती अशा ठिकाणांहून, आणि नेणारी बाई बरेचदा दोन-तीन दिवस आधीपासून गोड बोलून ओळख काढते, बाळाला मी धरते तुम्ही औषध आणा म्हणते. घाईत असलेल्या बाळंतिणीच्या आईला ही बाई देवासारखी वाटते.

---

साधा_माणूस_जळगाव | मंगळवार, सायंकाळी ६.१०

तुम्ही सगळे शहाणे लोक बरोबर बोलताय पण ज्याच्या घरातलं मूल जातं ना त्याला विचारा. माझ्या भावाचा मुलगा, बारा वर्षांचा, ट्यूशनला म्हणून गेला तो आलाच नाही. ठाण्यात गेलो तर रात्री आठ वाजता म्हणतात मित्राकडे असेल, सकाळपर्यंत वाट बघा, मग बघू. ठाण्याचं नाव लिहीत नाही. मग आम्ही काय करणार, फोटो टाकला सगळीकडे, भावाचा मोबाईल नंबर टाकला, तारीख टाकली. तासाभरात तो फोटो कुठल्या कुठे गेला आणि प्रत्येक ठिकाणी लोकांनी त्यात स्वतःचं काहीतरी घातलं. कोणी "काळी स्कॉर्पिओ" लिहिलं, कोणी "टोळीने नेलं", कोणी तारीखच उडवली. आमच्या गावातल्या ग्रुपवर तर माझ्या वहिनीवर संशय घ्यायला लागले कारण ती त्याची सावत्र आई. त्याच वहिनीने त्या रात्री गावातली एक विहीर सोडली नाही बॅटरी मारून बघायची. आणि तिच्याबद्दल लोक लिहितात की हिनेच काहीतरी केलं असणार, रडत कशी नाही बघा.

भावाचा फोन रात्रभर वाजत होता. एक ज्योतिषी. एक जण म्हणाला मुलगा माझ्याकडे आहे पाच हजार ऑनलाइन टाका, भावाने टाकले सुद्धा. दहा-वीस फोन नुसते "सापडला का हो?" विचारायला. आणि या सगळ्यात भुसावळ स्टेशनवरून आरपीएफचा फोन येत होता, खरा, तो लागतच नव्हता. पोरगा रागावून ट्रेनमध्ये बसला होता, क्लासच्या फीचे पैसे हरवले म्हणून घाबरला होता एवढंच. आरपीएफच्या लोकांनी त्याला एकट्याला बघून खाली उतरवला, खायला दिलं, आमचा नंबर लागेना म्हणून शेवटी त्याने पाठ असलेला शाळेतल्या सरांचा नंबर सांगितला, सरांनी आम्हाला दार वाजवून उठवलं.

पोरगा घरी आला. फोटो नाही थांबला. अजून फिरतोय. मागच्या दिवाळीत नागपूरहून फोन आला, तुमचा मुलगा इकडे दिसला म्हणून. वर्गात पोरं त्याला "किडनॅप" म्हणून हाक मारतात. त्याने दोनदा शाळा बदलून मागितली.

---

मीनल_सातारा | मंगळवार, रात्री ८.०३

दादा, वाचून अंगावर काटा आला. तुमच्या वहिनींना माझा नमस्कार सांगा.

आणि हे बरं झालं तुम्ही लिहिलंत, कारण मी फक्त अनोळखी लोकांना त्रास होतो याच बाजूने विचार करत होते. इथे तर ज्या घरातलं मूल हरवलं त्याच घराला लोकांच्या तर्कांनी खाल्लं, आणि खरा फोन लागला नाही.

---

हवालदाराची_लेक | मंगळवार, रात्री ८.४५

साधा माणूस, तुमच्याशी ठाण्यात जे वागले ते नियमाच्या विरुद्ध वागले, त्यात काही शंका नाही. असं झालं तर तिथूनच ११२ ला आणि १०९८ ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) फोन लावायचा, आणि एसपी ऑफिसला किंवा शहरात असाल तर डीसीपींना लेखी द्यायचं. स्टेशन जवळ असेल तर एका माणसाला थेट आरपीएफच्या चौकीत पाठवायचं, घरातून रागावून निघालेली मुलं बरेचदा पहिली रेल्वेच पकडतात.

घरच्यांनी एकच करायचं, पोस्टवर स्वतःचा एकुलता एक मोबाईल टाकायचा नाही. ठाण्याचा नंबर आणि सोबत जरा थंड डोक्याच्या नातेवाइकाचा. आईबापाचा फोन मोकळा राहिला पाहिजे.

आणि फोटोबद्दल, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. गुन्ह्यात बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. मूल शोधायचं असतं तोपर्यंत फोटो लागतोच. पण मूल सापडलं की तो फोटो काढायलाच हवा, ज्यांनी ज्यांनी टाकला त्या प्रत्येकाने.

---

अंधेरीकर | मंगळवार, रात्री १०.२०

वरच्या शेवटच्या मुद्द्याला एक दुसरी बाजू आहे ती पण लिहितो, कारण आमच्या इथली केस आहे आणि मी ती सुरुवातीपासून ऐकत आलोय.

२२ जानेवारी २०१३, अंधेरी पश्चिम. सात वर्षांची मुलगी भावाबरोबर शाळेत जायला निघाली ती नाहीशी झाली. नाव लिहीत नाही. डी. एन. नगर पोलीस ठाण्यात राजेंद्र धोंडू भोसले नावाचे एएसआय होते, त्यांच्याकडे २००८ ते २०१५ मध्ये हरवलेल्या १६६ मुलींची प्रकरणं आली, त्यातल्या १६५ सापडल्या. ही १६६ वी. भोसले साहेब २०१५ ला रिटायर झाले तरी तिचा फोटो जवळ ठेवून शोधत राहिले.

पळवणारी टोळी बिळी काही नव्हती. मूल होत नाही म्हणून एका जोडप्याने आइस्क्रीमच्या आमिषाने नेली होती. तेव्हा बातम्यांत हेही आलं की पोस्टर लागली, टीव्हीवर आलं, गवगवा झाला तेव्हा तो माणूस घाबरला आणि त्याने मुलीला कर्नाटकात रायचूरकडे हॉस्टेलला पाठवून दिलं. म्हणजे गाजावाजा दोन्हीकडून कापतो. पुढे त्यांना स्वतःचं मूल झालं आणि या मुलीला मारहाण सुरू झाली, कामाला जुंपली.

ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी, ती जिथे लहान मूल सांभाळायला जायची तिथल्या एका कामवाल्या बाईला तिने सगळं सांगितलं. त्या बाईने मोबाईलवर मुलीचं नाव आणि हरवल्याचं टाकून शोधलं तर २०१३ चं पोस्टर निघालं. पोस्टरवर पाच फोन नंबर होते. चार बंद. पाचवा लागला, तो शेजाऱ्यांचा. व्हिडिओ कॉल केला, आईने ओळखलं. आणि ती राहत होती कुठे, घरापासून अर्धा किलोमीटरवर. इतकी वर्षं आख्खी मुंबई तर्क करत होती, परदेशात विकली, मारून टाकली, वडिलांच्या कुठल्या तरी वैऱ्याने नेली. वडील मधल्या काळात वारले, त्यांना काही कळलंच नाही.

तर ज्या पोस्टरवर नाव, तारीख आणि चालू नंबर होता त्या पोस्टरने नऊ वर्षांनी पोरगी परत आणली. म्हणून मूल सापडेपर्यंत मूळ पोस्ट काढू नका, तिच्यावरचा नंबर बंद पडू देऊ नका, सीमकार्ड रिचार्ज करत राहा. आणि म्हणूनच फोटोवरची तारीख आणि नाव कापून पुढे ढकलणारा माणूस, त्याचा हेतू कितीही चांगला असो, त्या मुलाचं नुकसानच करतो.

---

बापू_कोल्हापूर | मंगळवार, रात्री ११.००

भोसले साहेबांना दंडवत. अंधेरीकर, हे आमच्या ग्रुपवर तुमच्या शब्दांत टाकतो, परवानगी असेल तर.

मी मात्र अजून म्हणेन की पोलिसांनी स्वतःहून बोललं पाहिजे. असा मेसेज फिरायला लागला की त्याच दिवशी एसपी साहेबांच्या नावाने खुलासा आला पाहिजे, गावात दवंडी दिली पाहिजे, पोलीस पाटलाने बाजाराच्या दिवशी उभं राहून सांगितलं पाहिजे. लोक गप्प बसतील असं धरून चालू नका. तुम्ही खरं सांगितलं नाही तर लोक स्वतःच काहीतरी जुळवणार.

---

मंगळवेढेकर | बुधवार, सकाळी ७.३०

काका अगदी बरोबर. आणि फिरस्ती माणसं गावात येताना आधी पोलीस पाटलाकडे किंवा ठाण्यात नोंद करून येतात बऱ्याच ठिकाणी, राईनपाड्यानंतर तर जास्तच. तेव्हा संशय आला तर अडवून आधार मागण्याऐवजी पाटलाला एक फोन करा, त्याच्याकडे बहुतेक नोंद असते.

---

मीनल_सातारा | बुधवार, दुपारी २.१८

सगळ्यांचे मनापासून आभार. आज आपल्या इथल्या ठाण्यात जाऊन आले, बरोबर शाळेच्या मुख्याध्यापिका बाई होत्या. तो ओम्नीचा मेसेज दाखवला. ड्युटीवरच्या मॅडम म्हणाल्या जिल्ह्यात असा एकही गुन्हा नोंद नाही, तो फोटो कुठला तेही शोधतो, आणि चादरीवाल्या बायकांचे फोटो टाकणाऱ्या आमच्या ग्रुपच्या ॲडमिनना त्यांनी तिथूनच फोन लावला. फोटो ग्रुपवरून निघाले. बाहेर जिकडे गेलेत तिकडचं काय ते मला माहीत नाही.

शाळेच्या ग्रुपवर ठरलंय की मुलाबद्दलचा कुठलाही मेसेज आधी ठाण्याला विचारून मगच टाकायचा आणि ते काम मी आणि अजून एक पालक करणार. ठाण्याचा लँडलाइन नंबर ग्रुपच्या माहितीत घातलाय. हवालदाराची लेक, एक शंका, समजा रात्री अडीचला खरा मेसेज आला, ठाण्याचं नाव नंबर सगळं आहे पण फोन कोणी उचलत नाही, तर काय करायचं? थांबायचं की पाठवायचं?

---

हवालदाराची_लेक | बुधवार, दुपारी ३.४०

११२ लावा, ते चोवीस तास चालू असतं, आणि त्या ठाण्याचं नाव आणि गुन्हा नंबर सांगून खात्री करून द्या म्हणा. तिथेही नक्की कळलं नाही तर फॉरवर्ड करू नका, पण तुम्ही स्वतः फोटो नीट बघून ठेवा, कपडे लक्षात ठेवा. सकाळी दूध आणायला, स्टँडवर, बसमध्ये कुठे तसं मूल दिसलं तर त्याच्या जवळ थांबा, कोणाला धरू नका, ओरडू नका, तिथूनच फोन करा.